चालू कॉलवरची दुरुस्ती

माझ्या जबलपूरच्या घरमालकांना कोणी मोबाइल दुरुस्त करणारा म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. मोबाइल दुरुस्त करणारे ओमतीच्या बाजारात बसतात, लोकांचे चांगले फोन उघडतात आणि बिघडवून परत देतात, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः फक्त एकाच दोषाला हात लावत. फोनवर बोलणं चालू असताना स्क्रीन जे चाळे करते, तेवढेच. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी पडते आणि काढला तरी उजळत नाही, किंवा उलट, कानाला लावला तरी ती उजळलेलीच राहते आणि गालाने भलतंच बटण दाबलं जातं. बाकी तुमचा फोन पाण्यात पडो, फुटो, पेट घेवो, त्यांना देणंघेणं नव्हतं. "हा माझा विभाग नाही," म्हणून ते मोकळे होत. एवढ्याशा विभागाचा एवढा मोठा अधिकारी मी दुसरा पाहिला नाही.

संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांनी उभी नोकरी तपासणी विभागात काढली. म्हणजे जन्मात स्वतः काही बनवलं नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं नापास केलं. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, बायको आधीच गेली होती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. मग आला मोबाइल. घरातसुद्धा ते पूर्ण पँट आणि पट्टा घालून बसत, वर बनियन, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याने अडकवलेलं, डोळ्यात बसवायचं भिंग. चेहरा रुंद, गाल भरघोस. त्या गालांचा या गोष्टीत पुढे संबंध आहे, म्हणून सांगितलं. मी त्यांना काका म्हणत असे, कारण मराठी घरमालकाला दुसरं काही म्हणता येत नाही.

मी मूळची नागपूरची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात बदली होऊन जबलपूरला आले आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी किल्ली देताना त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "याचा डोळा तपासला का कधी?"

मला आधी वाटलं, म्हातारा चळला आहे. नंतर खात्रीच पटली.

तर डोळा म्हणजे असं, की फोनच्या वरच्या कडेला, जिथे आपला कान येतो, तिथे एक बारीकसा डोळा असतो. कान जवळ आला की तो स्क्रीनला झोपवतो, दूर गेला की उठवतो. त्यावर धूळ बसली, कव्हरची कड आली किंवा काच चुकीची चिकटली, की स्क्रीनचा घोळ सुरू. हे सगळं ज्ञान मला काकांनीच दिलं, मी मागितलेलं नसताना. आणि हे ज्ञान खरं होतं, हे जास्त संतापजनक होतं.

त्यांच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या आणि एक स्टूल असे. स्टुलावर स्टीलचा डबा, त्यात कापूस, काडेपेटीच्या काड्या, स्पिरिटची बाटली आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. माणूस फोन घेऊन आला, की त्याला खुर्चीत बसवायचं आणि पहिला प्रश्न टाकायचा, "हा दोष पहिल्यांदा कधी दिसला?"

माणूस म्हणे, "बस, कल ही से, बाबूजी."

काका भिंगातून डोळा वर काढत आणि म्हणत, "सच बोलिए."

या प्रश्नाचं उत्तर सगळे खोटं देतात, हा त्यांचा सिद्धांत होता. फॅक्टरीतही असंच व्हायचं, म्हणे. "दोष दिसल्या दिवशी कोणी सांगत नाही, मॅडम. पाहून राहते, चालवून राहते. मोठा झाला की मग घेऊन येते आणि म्हणते, आजच झाला. दोष मशीनचा नसते. ज्यानं पाहिला आणि चालू दिला, त्याचा असते." असं म्हणून ते माणसाकडे असे बघत, की दूधवाल्यालासुद्धा आपण देशाशी गद्दारी केली असं वाटावं. मग तो खाली मान घालून कबूल करी, "होली के पहले से है, बाबूजी." काकांचा चेहरा उजळे. दुरुस्तीपेक्षा त्यांना हेच आवडत असावं.

यानंतरची पद्धत मात्र सगळ्या जगात फक्त त्यांचीच असणार. दुरुस्ती चालू कॉलवरच व्हायची. "बंद मशीनमध्ये दोष दिसते का? मुर्द्याचा बुखार मोजता येते का?" असा त्यांचा सवाल. त्यामुळे रोग्याने कोणाला तरी फोन लावायचा, आणि तोही असातसा नाही. ज्याच्याशी बोलायला खरोखर विषय आहे, अशालाच लावायचा. नुसतं हॅलो हॅलो करणारा माणूस फोन कानाशी नीट धरत नाही, बोलण्यात रंगलेला माणूसच खरा धरतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. काका खुर्चीमागे उभे राहून फोन स्वतःच्या हाताने रोग्याच्या कानाला लावत, वाक्याच्या मध्येच ओढून घेत, भिंगातून पाहत, काडीवरच्या कापसाने पुसत, परत लावत. आणि सतत एकच, "बोलते रहिए, बोलते रहिए. रुके काहे?"

अशा रीतीने सबंध मोहल्ल्याची भांडणं, सोयरिकी आणि आजारपणं त्या व्हरांड्यात बोलली गेली. काका सगळं ऐकत आणि मध्ये सुधारणाही सुचवत.

एकदा ग्वारीघाटावरचे एक पंडितजी आले. त्यांचा धंदा हल्ली फोनवरच जास्त चाले. यजमान परदेशात, नर्मदा इथे, संकल्प फोनवर. पण ऐन मंत्रात त्यांच्या गालाने कॉल होल्डवर जायचा आणि यजमानाला संकल्पाऐवजी कंपनीचं संगीत ऐकू यायचं. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, चंदनाच्या थराने कान ओळखेनासा झालेला डोळा पाहून तोंडाने चुकचुक केलं आणि खऱ्या यजमानालाच फोन लावायला लावला.

"अपना गोत्र बोलिए, यजमान," पंडितजी म्हणाले. तेवढ्यात काकांनी फोन ओढला. परत लावला तेव्हा गोत्र होऊन गेलं होतं.

"फिर से पूछिए," काका म्हणाले, "हमने सुना नहीं."

पलीकडून यजमानाचा आवाज आला, "पंडितजी, ये बीच में कौन बोल रहे हैं?"

पंडितजींनी एकदा काकांच्या हातातल्या ब्लेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये हमारे आचार्य हैं, यजमान."

काकांनी ही गोष्ट मला पुढे निदान वीस वेळा सांगितली. त्यांना त्यात विनोद दिसत नव्हता. आपली योग्य ती दखल घेतली गेली, एवढंच दिसत होतं.

या पद्धतीला मी हसायची. मग माझी पाळी आली. माझ्या फोनची स्क्रीन काळी पडायला लागली. एकदा बोलून झालं की कॉल बंद करता येईना. बाजूचं बटण दाबून कॉल बंद करण्याची सोय असते, ती मी करून घेतली. काकांच्या ते लक्षात आलं. "ही पळवाट झाली," ते म्हणाले, "बसा." पहिल्या प्रश्नाला मीही "परवापासून" म्हणाले. "खरं सांगा." मी म्हणाले, "महिना झाला." मग फोन लावायचा होता. ऑफिसात लावण्याचा प्रश्न नव्हता. मी नागपूरला मोठ्या बहिणीला लावला.

माझी बहीण फोनवर बोलते तेव्हा खरं तर फोनची गरज नसते. "काय गं," ती ओरडली, "त्याच्या वकिलाची नोटीस आली का तुले?"

इथे सांगायला हवं, की मी नवऱ्यापासून वेगळी झाले होते आणि हे जबलपुरात एकाही माणसाला माहीत नव्हतं. ऑफिसात आणि घरमालकाला मी सांगितलं होतं की नवरा नागपूरला नोकरीत आहे, बदलीची खटपट चालू आहे. मी फोन घ्यायला हात वर केला. काकांनी तो बाजूला सारला. "बोलत राहा, मॅडम, बोलत राहा. आता कुठे डोळा दिसून राहिला." आणि बहीण सांगत राहिली. नोटीस, सासूने ठेवून घेतलेले दागिने, नवऱ्याची ती दुसरी बाई, सगळं क्रमवार. काकांनी कव्हरची कड ब्लेडने कापली, डोळा पुसला, स्क्रीन दोनदा काळी-पांढरी करून पाहिली. फोन माझ्या हातात दिला तेव्हा तो उत्तम चालत होता.

दोन दिवसांनी फाटकाशी समोरच्या बंगल्यातल्या भाभीजी उभ्या असताना काका मला म्हणाले, "नोटिशीचं उत्तर वेळेत द्या. दोष लपवून जात नसते." हे त्यांनी हळू आवाजात आणि मराठीत म्हटलं, म्हणजे आपण फार काळजी घेतली असं त्यांना वाटलं असणार. भाभीजींच्या दोन पिढ्या मराठी शेजाऱ्यांबरोबर गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, सोमवारी ऑफिसला. ज्या बायका मला डब्यातली भाजी वाढत असत, त्या त्या दिवसापासून मला सल्लाही वाढू लागल्या. मी काकांना काही बोलले नाही. त्यांना समजलं नसतं. त्यांच्या मते त्यांनी माझे दोन दोष काढले होते, एक फोनचा आणि एक माझा.

आता त्यांच्या स्वतःच्या फोनबद्दल. त्याला त्यांनी जुन्या रेक्झिनचं जाड कव्हर हाताने शिवलं होतं आणि स्क्रीनवर एकावर एक दोन काचा चिकटवल्या होत्या. एक फुटली तर दुसरी राहील, असा हिशोब. अर्थातच डोळा झाकला गेला आणि स्क्रीन काळी पडू लागली. दुसऱ्या कोणाचा फोन असता तर काकांनी दोन्ही काचा तिथल्या तिथे उचकटल्या असत्या. पण या काचा त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन डोळाच बंद करून टाकला. कॉल चालू असताना स्क्रीन झोपवायची ही सोयच नको. "माझ्या फोनची स्क्रीन कधी काळी पडत नाही," हे ते छाती काढून सांगत. खरंच पडत नव्हती. ती सदैव लखलखीत असे, त्यांच्या त्या भरघोस गालाला टेकून.

आणि त्याच सुमाराला त्यांना शोध लागला, की आजकाल माणसं फोनवर फार खोटं बोलतात. "दोन मिनिटं झाली नाही की 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' करतात आणि कापतात. नागपूरची बहीण तेच. बिलासपूरचा मेहुणा तेच. अरे, मी ओरडून बोलून राहिलो आणि तुम्हाला आवाज काहून येत नाही? बोलायचं नाही तर सीधं सांगा!" बहिणीशी त्यांनी बोलणं टाकलं. मेहुण्याशी टाकलं. कोणी 'आवाज येत नाही' म्हटलं की तो माणूस त्यांच्या लेखी नापास. समोरचा काय म्हणतो ते ऐकायची सवय त्यांना मुळात नव्हतीच, त्यामुळे बोलणं एका बाजूने चाललं आहे हे त्यांना कधी जाणवलं नाही.

मला कळलं ते दिवाळीच्या आठ दिवस आधी. सकाळी त्यांनी अंगणातून मला वर फोन केला. जिना चढण्यापेक्षा फोन बरा, असं त्यांचं होतं. मी फोन घेऊन गच्चीच्या कठड्याशी आले. ते खाली पेरूच्या झाडापाशी उभे. "मॅडम, टाकीचा व्हॉल्व्ह तुम्ही..." एवढं फोनमधून आलं आणि फोन मुका झाला. पण अंगणातून त्यांचा आवाज हवेतून येतच होता, हात हलत होते, जबडा चालत होता, आणि कान आणि गाल यांच्यामध्ये स्क्रीन पांढरीफेक पेटलेली. गालाने आवाज बंद करायचं बटण दाबलं होतं. एवढं साधं होतं.

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "काका, आवाज येत नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

सांगायला तोंड उघडलं होतं मी. शपथेवर सांगते. पण फाटकापलीकडे भाभीजी झाडांना पाणी घालत होत्या, आणि त्यांना पाहिलं मात्र, मी तोंड मिटलं. 'ज्यानं पाहिला त्याचा दोष' काय, मनात म्हटलं, काढा आता तुमचा तुम्ही. "नेटवर्क असेल," मी म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर रविवारची माझी चांगली करमणूक झाली. दर रविवारी दहाला त्यांच्या मुलीचा बडोद्याहून फोन येई. मी चहाचा कप घेऊन गच्चीत उभी राहायची. पहिली दोन मिनिटं ठीक. मग गाल आपलं काम करी. काका पुढची पाच-सात मिनिटं टाकी, पेन्शनची रांग, गुडघा आणि गल्लीतली कुत्री यांच्यावर जोरजोरात व्याख्यान देत आणि ते ऐकायला पेरूच्या झाडाशिवाय कोणी नसे. मग फोन कानावरून काढून बघत आणि रस्त्याला सांगत, "कापला!" मी हे ऑफिसात करून दाखवलं, गालावर पट्टी धरून. ज्या बायका मला सल्ला वाढत, त्या हसून हसून वाकल्या. त्या दिवसापासून मी परत त्यांच्यातली झाले.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस पाहिलं तर काका व्हरांड्यात स्वेटर, इस्त्रीची पँट आणि बूट घालून बसलेले. शेजारी निळी बॅग, तिच्या पट्ट्याला स्टीलचा पेला बांधलेला.

"कुठे निघालात, काका?"

"बोलावणं यायचं आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तसेच बसले होते. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत कोणी फोन दुरुस्तीला घेऊन आलं तर त्याला परत पाठवलं. चौथ्या दिवशी बॅग आत गेली. मी रात्री बहिणीला सांगितलं, "यांना कोण बोलावणार गं!" आम्ही दोघी पुष्कळ हसलो. त्यानंतर रविवारचे फोन तुटक झाले आणि महाशिवरात्रीपर्यंत बंदच पडले. काका लोकांचे फोन दुप्पट जोमाने दुरुस्त करू लागले. पहिल्या प्रश्नाला तर आता ते इतके चिडून बसत की एका भाजीवाल्याने आपला फोन तीन वर्षांपासून बिघडलाय असं कबूल केलं. फोन त्याने दिवाळीत घेतला होता.

होळीनंतर एका दुपारी ऑफिसात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांची मुलगी. माझा नंबर तिला भाडेकराराच्या कागदावर मिळाला होता.

"ताई, माफ करा, ऑफिसात त्रास देते," ती म्हणाली. "बाबा बरे आहेत ना?"

मी म्हणाले, अगदी ठणठणीत आहेत.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "ते माझ्याशी बोलत नाहीत. फोन उचलतात, दोन मिनिटं बोलतात आणि मध्येच गप्प होऊन जातात. तुम्हाला माहीत नाही, हे त्यांचं जुनं आहे. आईशी एकदा दोन महिने बोलले नव्हते. मी दहावीला गणितात कमी पडले तर माझ्याशी सबंध उन्हाळा नाही. मी समजले, या वेळी मी घर विकून माझ्याकडे या म्हटलं, त्याची शिक्षा आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती पण मी सोसली असती," ती म्हणाली. "जानेवारीत माझं ऑपरेशन झालं, गर्भाशयाचं. गाठ होती, डॉक्टर काही धड सांगून नव्हते राहिले. हे टूरवर होते. मला भीती वाटून राहिली होती. मी बाबांना फोनवर म्हटलं, बाबा, तुम्ही येता का? ताई, ते गप्प बसले. मी वाट पाहिली, दोनदा हॅलो म्हटलं, आणि ठेवून दिला. त्यावर काय बोलणार माणूस?"

गाठ साधी निघाली, असंही तिने सांगितलं. मी जेवणाचा डबा न उघडता परत पिशवीत ठेवला. निळी बॅग, पट्ट्याला बांधलेला पेला, बूट. बोलावणं यायचं आहे. मी त्या बॅगेवर हसले होते, आणि ती का भरली गेली आणि का रिकामी झाली, याचं कारण मला, फक्त मला, दिवाळीपासून माहीत होतं. काकांना मी अनेक नावं ठेवली आहेत. त्या दुपारी त्यातलं एकेक मला चपखल बसत होतं.

साडेपाचला घरी आले ती थेट व्हरांड्यात गेले. काका कापूस काडीला गुंडाळत होते.

"काका, तुमच्या फोनमध्ये दोष आहे."

"माझ्या?" ते हसले. "याची स्क्रीन कधी काळी..."

"तोच दोष आहे. बसा खुर्चीत. मुलीला फोन लावा."

त्यांचा चेहरा कडक झाला. "ती कापते."

"लावा, काका. तुमच्याच पद्धतीने. चालू कॉलवर."

स्वतःच्या पद्धतीला त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते रोग्याच्या खुर्चीत बसले, नंबर लावला. मी मागे उभी राहिले. तिने लगेच उचलला. "बाबा?" तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"हां. मी बोलतो. इकडे सगळं ठीक आहे. टाकीचा व्हॉल्व्ह..." काका म्हणाले. मी त्यांच्या गालाकडे बघत होते. व्हॉल्व्हच्या पुढच्या वाक्याला गालाने बटण दाबलं. काका बोलत राहिले. मी फोन त्यांच्या कानावरून ओढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. माइकच्या चित्रावर आडवी रेघ होती.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. त्या भिंगाची काही गरज नव्हती.

फोनमधून मुलीचा आवाज आला, बारीक. "हॅलो? बाबा?" मग थोडा वेळ नुसता श्वास. मग, "ठीक आहे, बाबा. नका बोलू."

ती ठेवायच्या आत मी ते बटण दाबलं आणि फोन परत त्यांच्या कानाला लावला, गालापासून लांब. "बोला, काका. बोलत राहा."

सगळ्या मोहल्ल्याला बोलतं करणाऱ्या त्या माणसाला शब्द सापडेना. हातातली काडी त्यांनी तीनदा डब्यात ठेवली आणि तीनदा उचलली.

"बेटा," ते म्हणाले, "मी येतो म्हटलं होतं."

"कधी?"

"तू ऑपरेशनचं विचारलं ना, तेव्हा. येतो म्हटलं. आजच निघतो म्हटलं, तारीख सांग. तू कापला. मला वाटलं, तुला नको आहे मी." मग म्हणाले, "बॅग भरली होती. चार दिवस."

पलीकडे कोणी बोललं नाही. या वेळी ते कोणत्याही बटणामुळे नव्हतं. मग ती रडायला लागली, आणि काका, ज्यांना समोरच्याचं ऐकायची सवय नव्हती, ते ऐकत बसले. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. कान दिला नाही. त्या व्हरांड्यात मागे ऐकायला कोणी उभं नसताना झालेला तो पहिलाच कॉल असावा.

बोलणं संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी ब्लेडने दोन्ही काचा उचकटल्या, सेटिंगमधला डोळा परत चालू केला. ते मला एकही सूचना न देता बघत होते. माझा नंबर लावून पाहिला, तर स्क्रीन हाताखाली काळी झाली, हात काढला, उजळली. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि अगदी सवयीने, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं,

"हा दोष पहिल्यांदा कधी दिसला तुम्हाला?"

अंगणात पेरूचं झाड होतं. वर गच्चीचा कठडा होता. दोन्ही त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती.

"आजच," मी म्हणाले.

मी 'खरं सांगा'ची वाट पाहत उभी राहिले. काकांनी ब्लेड कागदात गुंडाळलं, डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं. "अच्छा," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ते जिना चढून वर आले होते. स्वेटर नव्हता, उन्हं तापायला लागली होती. पण इस्त्रीची पँट, बूट, निळी बॅग, पट्ट्याला पेला. बडोद्याला निघाले होते. त्यांनी घराच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या.

"टाकीकडे लक्ष ठेवा, मॅडम," ते म्हणाले. "काही दोष दिसला तर फोन करा."

"करते, काका."

ते दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दिसला त्याच दिवशी करा."